एफवायच्या सक्तीच्या इंग्रजीचा पेपर नव्याने मांडायचाय, सूचना हव्यात

निळी शाई

नमस्कार मंडळी.

आमचं कॉलेज नुकतंच स्वायत्त झालं. आजवर काहीही बिनसलं की विद्यापीठाच्या नावाने बोटं मोडायची सोय होती, ती गेली. आता अभ्यास मंडळ आमचं, पेपर आमचा आणि शिव्याही आमच्याच वाट्याला.

माझ्याकडे पहिल्या वर्षाचं सक्तीचं इंग्रजी आलंय. नव्या शैक्षणिक धोरणात ते 'एईसी'त, म्हणजे क्षमता वाढवण्याच्या विषयांत मोडतं. सत्राला २ क्रेडिट, ३० तास, ५० गुण. त्यातले आमच्याकडे २० अंतर्गत, ३० लेखी. बीए, बीकॉम, बीएस्सी मिळून ४८० मुलं, १२०च्या चार तुकड्या. शिकवायला आम्ही तिघं, मी कायम आणि बाकी दोघं सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या मानधनावर. मुलं बहुतेक जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळांतली, मराठी माध्यमाची, थोडी उर्दू माध्यमाची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, म्हणजे आमच्याकडे येईपर्यंत यांचं बारा वर्षं इंग्रजी शिकून झालेलं असतं.

सध्याचा पेपर सगळ्यांना तोंडपाठ असेल: धड्यांवर प्रश्न, कवितेवर प्रश्न, 'डू ॲज डायरेक्टेड' (सांगितल्याप्रमाणे वाक्य बदला, हे व्याकरणाचे प्रश्न), आणि शेवटी अर्ज नाहीतर पत्र. यातलं एकही उत्तर असं नाही जे गाईडातून पाठ करता येत नाही. अर्जाचा नमुनासुद्धा पाठ. पन्नासपैकी चाळीस घेतलेल्या मुलीला स्कॉलरशिपच्या संकेतस्थळावरची चार ओळींची सूचना वाचायला लावली, तर ती मैत्रिणीकडे बघते. मुलगी हुशार आहे. आपण तिला जे विचारलं, ते तिने दिलं.

माझा प्रस्ताव: पाठ्यपुस्तकातलं काहीही पेपरात विचारायचं नाही. सगळं अनसीन. शिवाय ऐकणं आणि बोलणं यांनाही गुण. मंडळाच्या बैठकीत मला तीन प्रश्न येणार आहेत आणि तिन्हींची उत्तरं माझ्याकडे अर्धवट आहेत:

४८० मुलांचं ओरल घ्यायचं कसं? सगळं अनसीन ठेवलं तर निम्मी मुलं नापास होतील त्याचं काय? आणि पुस्तक नसेल तर वर्गात करायचं काय?

निवृत्त पेपरतपासनीस

मॅडम, बैठकीला जाताना आधी पेपर घेऊन जा, अभ्यासक्रम मागाहून. मी उलटंच होताना पाहत आलो. युनिट एक ते चार यावर महिनाभर चर्चा, उद्दिष्टांची भाषा गुळगुळीत करण्यात दोन बैठका, आणि चहा आल्यावर 'पॅटर्न मागचाच ठेवू' असं म्हणून फाईल बंद. मुलं अभ्यासक्रम वाचत नाहीत, मागचे पेपर वाचतात. शिक्षकही तेच वाचतात.

मात्र पेपर बदलला की शिकवणं आपोआप बदलेल, या भरवशावर राहू नका. ऑल्डरसन आणि वॉल या दोघांनी श्रीलंकेत दहावीच्या पातळीवर आलेल्या नव्या इंग्रजी परीक्षेचा माग काढला होता, १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वर्गात *काय* शिकवतात ते परीक्षेने बदललं होतं, *कसं* शिकवतात ते फारसं नाही. म्हणजे अनसीन उतारे आले की बाजारात अनसीन उताऱ्यांचं गाईड येणार आणि वर्गात सर उतारा वाचून फळ्यावर उत्तरं लिहून देणार. त्याची तयारी ठेवा.

पुस्तक अजिबात काढू नका. चांगली गोष्ट वर्गात वाचलीच पाहिजे. फक्त पेपरात ती गोष्ट नको, तिच्याच तोलाची दुसरी द्या.

टेस्टट्यूब

रसायनशास्त्रवाला आहे, इंग्रजीत नाक खुपसतोय. ओरलचा हिशेब मांडून बघू.

एकेकट्याचं ५ मिनिटं घेतलं तर ४८० × ५ = २४०० मिनिटं, म्हणजे ४० तास. जोड्या केल्या आणि जोडीला ८ मिनिटं दिली तर २४० × ८ = १९२० मिनिटं, ३२ तास. तिघांचा गट, गटाला १० मिनिटं: १६० गट, १६०० मिनिटं, २७ तासांच्या आत. तुम्ही तिघं असाल तर माणशी ९ तास. आम्ही प्रॅक्टिकल परीक्षेत यापेक्षा जास्त वेळ उभे असतो.

आणि हे एका आठवड्यात उरकायची गरज नाही. आमच्यासारख्या बॅचेस पाडा, सत्राच्या मधल्या सहा आठवड्यांत रोज थोडं घ्या. ४८० मुलांना एकाच दिवशी बोलवायचा हट्ट लेखी परीक्षेचा आहे, तोंडीला त्याची गरज नाही.

गोदाकाठ

टेस्टट्यूब सर, माणशी ९ तास म्हणालात ते बरोबर. त्या ९ तासांचे पैसे कोण देणार तेही लिहा की.

मी सीएचबीवरच आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्हाला तासिकेचे पैसे मिळतात. ओरल ही तासिका नाही, अंतर्गत मूल्यमापन ही तासिका नाही, गुण ऑनलाईन भरणं तर मुळीच नाही. नव्या पद्धती काढणारे सगळे कायम असतात आणि राबवणारे आम्ही. निळी शाई मॅडम, तुमच्यावर राग नाही, पण तुमच्या प्रस्तावात एक ओळ हवीच: ओरलचे तास वेळापत्रकातल्या ३० तासांत धरले जातील. नाहीतर काय होईल सांगतो. हजेरीपटावर नजर टाकून १८, १७, १८, १९ असे गुण भरले जातील. बारावीलाही इंग्रजीला ८० लेखी, २० तोंडी आहेच. त्या वीसपैकी सोळाच्या खाली मिळालेलं मूल मी तरी पाहिलेलं नाही.

निळी शाई

गोदाकाठ सर, ही ओळ पहिल्या पानावर घालते. ३० तासांपैकी ६ तास ओरलचे. तुकडीचे ४० गट, गटाला १० मिनिटं, म्हणजे तुकडीला ६ तास ४० मिनिटं. वरची ४० मिनिटं पहिल्या तासाच्या नियम समजावण्यातून काढेन, ते नियम छापून देता येतील.

एक गट आत असताना बाकीचे ११७ काय करतील, हा प्रश्न मात्र उरतोच.

टेस्टट्यूब

त्यांना लिहायला बसवा. आमच्याकडे एक बॅच व्हायव्हाला, बाकीचे टेबलावर, तसंच. शिवाय ११७ यायलाच हवेत असं कुठेय? त्या दिवशीच्या बॅचलाच बोलवा.

थंडीतला मराठी

ब्रिटनमध्ये एका विद्यापीठात बाहेरून आलेल्या मुलांना शैक्षणिक इंग्रजी शिकवतो, त्या अनुभवावरून दोन गोष्टी.

पहिली अपेक्षांची. युरोपात भाषेच्या पातळ्यांची एक चौकट आहे, ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या, २००१ साली प्रसिद्ध झालेली. तुमची बरीच मुलं वाचनात ए२च्या आसपास असतील, बोलण्यात त्याच्याही खाली. ए२वरून बी१वर जायला शिक्षकासोबतचे साधारण दीडशे ते दोनशे तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा अंदाज आहे. तुमच्याकडे वर्षाला ६० आहेत, तेही १२०च्या वर्गात. तेव्हा 'विद्यार्थी अस्खलित इंग्रजी बोलू लागेल' असलं उद्दिष्ट लिहूच नका. दोन-तीन कामं निवडा आणि ती नीट येतील एवढंच म्हणा. सूचना वाचून काय करायचं ते कळणं. फोनवर पत्ता, तारीख, रक्कम टिपता येणं. स्वतःच्या गावाबद्दल, कामाबद्दल सहा-सात सलग वाक्यं.

दुसरी गुण देण्याची. 'फ्लुअन्सी ५ पैकी' असं लिहिलेल्या तक्त्याला अर्थ नाही. ५ म्हणजे काय, ३ म्हणजे काय, हे वाक्यात लिहा. उदाहरणार्थ ३: 'अडखळतो, पण आपलं म्हणणं पोचवतो, समोरच्याला एखाद्या वेळी परत विचारावं लागतं.' मग ओरल सुरू व्हायच्या आधी तिघांनी बसून चार-पाच गटांची रेकॉर्डिंग एकत्र ऐकायची, स्वतंत्र गुण द्यायचे आणि फरक का पडला यावर भांडून घ्यायचं. आमच्याकडे दर सत्राच्या आधी हे होतं आणि दर वेळी भांडण होतं.

सरासरी

थंडीतला मराठी यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जुना पुरावा आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी एकाच इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभरावर शाळांमधल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी गुण पन्नाशीच्या आसपासपासून ते नव्वदीच्या पुढपर्यंत आले. उत्तरपत्रिका तीच! निबंधाला १० पैकी ६ देताना आपला हात कशाने चालतो, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. दोन उपयोगाच्या गोष्टी सुचवते.

प्रवेशाच्या वेळी मुलांची पातळी कळावी म्हणून सी-टेस्ट घ्या. जर्मनीत १९८०च्या सुरुवातीला रात्झ आणि क्लाइन-ब्रॅली यांनी काढलेली पद्धत आहे. चार-पाच छोटे उतारे घ्यायचे, पहिलं वाक्य अख्खं ठेवायचं, पुढे प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध खोडायचा. मुलांनी तो भरायचा. बनवायला सोपी, अर्ध्या तासात होते, तपासायला कुणीही चालतं कारण उत्तर एकच असतं. मुलाला इंग्रजी 'येतं का' याचं हे निदान नव्हे, पण १२०चा वर्ग तीन गटांत विभागायला भरपूर आहे.

परीक्षा झाल्यावर प्रश्नांचीही परीक्षा घ्या. एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के मुलं आणि खालची २७ टक्के मुलं वेगळी काढा, तुमच्याकडे साधारण १३०-१३०. समजा, एक प्रश्न वरच्यांपैकी १०४ जणांना आला आणि खालच्यांपैकी ३९ जणांना. फरक ६५, भागिले १३०, म्हणजे ०.५. छान प्रश्न, येणारे आणि न येणारे वेगळे करतो. दुसरा वरच्या ७१ जणांना आला, खालच्या ६८ जणांना. हा प्रश्न नुसती जागा अडवतोय, बहुधा मुलं अंदाजाने उत्तर देताहेत. 'डू ॲज डायरेक्टेड'चे प्रश्न एकदा या चाळणीतून काढून बघा, आणि निकाल इथे टाका. माझी पैज आहे, अर्धे गळतील.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, एवढं गणित कायले करता? मी नागपुरात एका गोदाम कंपनीत भरती पाहतो. ग्रॅज्युएट पोट्टे येतात. 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' म्हटलं की टेप सुरू. सगळ्यांची तीच टेप, सगळे हार्डवर्किंग, सगळ्यांची हॉबी क्रिकेट. मधातच थांबवून विचारलं, 'हाऊ डिड यू कम हिअर टुडे?' की गाडी रुळावरून खाली.

मले ग्रामर नाही पाहिजे. चेन्नईवरून फोन आला, समोरचा भरभर बोलला, पोट्ट्याले कळलं नाही, तर त्यानं विचारावं ना की बाबा परत सांग, हळू सांग, नंबर परत सांग. तो 'येस सर, ओके सर' म्हणून फोन ठेवते आणि ट्रक भलतीकडे जाते. हे शिकवता का तुम्ही कुठं?

थंडीतला मराठी

वऱ्हाडी ठेचा, तुम्ही धाग्यातली सर्वात मोलाची सूचना दिलीत. न कळल्यावर नीट विचारता येणं हे भाषेचं स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला गुण देता येतात. ओरलच्या तक्त्यात ही ओळ घालाच: 'न समजल्यास पुन्हा विचारतो, ऐकलेलं खात्रीसाठी परत म्हणून दाखवतो.' आपल्याकडे वर्गात परत विचारणाऱ्या मुलाला हसतात. परीक्षेत त्यालाच गुण मिळाले तर हसणं थोडं कमी होईल.

निवृत्त पेपरतपासनीस

गटाच्या ओरलसाठी विषय काय देणार? 'पोल्यूशन' आणि 'मोबाईल शाप की वरदान' दिलंत तर तिथेही टेपच वाजेल.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभूंनी दक्षिणेतल्या शाळांमध्ये एक प्रकल्प चालवला, बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर ओळखतात. व्याकरणाचे धडे काढून टाकले आणि मुलांना कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी निवडा, नकाशावरून रस्ता शोधा. मन अर्थामध्ये गुंतलं की रचना आपसूक मुरते, असं त्यांचं म्हणणं. ते सगळं खरं ठरलं का यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण साध्या सरकारी शाळांत, भरलेल्या वर्गांत, फोटोकॉपीच्या जमान्याआधी हे झालं. आपल्याला सबब उरत नाही.

तुमच्या ओरलसाठी: तिघांना तीन कार्डं. एकाकडे रेल्वेच्या वेळा आणि भाडं, दुसऱ्याकडे एसटीच्या. तिसऱ्याकडे पुण्यातल्या मुलाखतीची वेळ आणि तिघांत मिळून असलेले पैसे. एकमेकांचं कार्ड बघायचं नाही, विचारायचं. दहा मिनिटांत कशाने जायचं ते ठरवायचं आणि कारण सांगायचं. वेळा-भाडी बदलली की नवं कार्ड तयार. पाठ करायला काही उरतच नाही.

बॅकबेंचर

मी इथे एकटाच विद्यार्थी दिसतोय. टीवायला आहे, एमपीएससी करतो.

सगळं भारी आहे, पण आम्हाला पुढे काय लागतं तेही बघा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली. इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर आहे, २५ टक्के लागतात. त्यात निबंध, उताऱ्यावर प्रश्न, सारांशलेखन. आमच्या लायब्ररीत निम्मी पोरं पूर्वपरीक्षेला नाही, या पात्रता पेपरला घाबरून आहेत. सारांशलेखन कॉलेजात कुणी शिकवलंच नाही. धड्याचा सारांश 'दिला', लिहून घेतला. मोठ्यातून छोटं करायचं कसं, काय सोडायचं, हे कुणी दाखवलं नाही.

आणि अनसीनला मुलं नापास होतील म्हणता, तर नमुना पेपर पहिल्याच आठवड्यात द्या ना. आम्हाला नवीन पेपरची भीती नसते, *माहीत नसलेल्या* पेपरची असते.

निळी शाई

बॅकबेंचर, नमुना पेपर एक नाही, तीन देणार. आणि सारांश घेतेच. १५० शब्दांचा उतारा ५० शब्दांत, वर्गात, माझ्यासमोर.

आता एक कल्पना मांडते, तिच्यावर हाणामारी होणार हे माहीत आहे. पेपरात एक प्रश्न असा ठेवायचा: बँकेचं पीककर्जाबाबतचं इंग्रजी पत्र दिलेलं आहे. वडिलांना व्हॉट्सॲपवर *मराठीत* कळवा, की बँकेने काय मागितलंय, कधीपर्यंत, आणि नाही दिलं तर काय होईल. आमच्या मुलांना इंग्रजीचा पहिला खरा उपयोग हाच होतो. घरात कागद आला की वाचायला बीएच्या पोराला बोलावतात.

निवृत्त पेपरतपासनीस

इंग्रजीच्या पेपरात मराठीत उत्तर? मॅडम, पॅटर्नपर्यंत मी तुमच्या बाजूने होतो. आठवड्याला दोन तास मुलाच्या कानावर आणि हातावर इंग्रजी पडतं, तेही तुम्ही मराठीला देणार. उद्या मुलं म्हणतील सगळंच मराठीत लिहितो.

मांडवीपार

सर, थोडं असहमत. मी गोव्यात शिकवते. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीपासून बहुतेक सगळं इंग्रजीत. त्यामुळे कॉलेजात येणारं मूल इंग्रजी बोलतं, बरं बोलतं. पण त्याला म्हणावं, हे पंचायतीचं पत्र वाच आणि आजीला समजावून सांग, तर ते शब्दामागे शब्द ठेवत जातं. आजीला काहीही कळत नाही, कारण त्यालाच कळलेलं नसतं. वाचलेलं दुसऱ्या भाषेत सांगायला लावलं की समज उघडी पडते. इंग्रजी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देताना उताऱ्यातलं वाक्य उचलून ठेवता येतं, तिथे चोरवाट आहे.

थंडीतला मराठी

मी मघाशी म्हटलेल्या युरोपच्या चौकटीला २०२० मध्ये पुरवणी ग्रंथाची अंतिम आवृत्ती आली. त्यात हे काम मध्यस्थी म्हणून स्वतंत्रच धरलंय, वर्णनांच्या तक्त्यांसकट. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेतल्या माणसापर्यंत पोचवणं. तेव्हा मंडळात कुणी 'हे कुठल्या शास्त्रात बसतं' विचारलं तर उत्तर आहे.

बॅकबेंचर

यूपीएससीच्या सक्तीच्या भारतीय भाषेच्या पेपरात इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी, दोन्ही भाषांतरं असतात. तिथे चालतं तर इथे का नाही?

गोदाकाठ

तत्त्व मान्य. अडचण दुसरीच. तुमच्याकडे उर्दू माध्यमाची मुलं आहेत असं तुम्हीच लिहिलंत. नांदेडच्या बाजूला घरात तेलुगू बोलणारी मुलंही असतात. त्यांच्या वडिलांना मराठीत का कळवायचं? उर्दूत लिहिलं तर तपासणार कोण? गुण इंग्रजी समजल्याचे द्यायचे आहेत की मराठी चांगलं असल्याचे?

निळी शाई

हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि तो कळीचा आहे.

असं करता येईल: उत्तर मराठी, उर्दू किंवा हिंदीत. आमच्याकडे उर्दूचे प्राध्यापक आहेत, त्यांच्याशी बोलते. तपासताना शुद्धलेखन, शैली काही बघायचं नाही. पत्रातले पाच मुद्दे आधीच ठरलेले (रक्कम, कागदपत्रं, तारीख, कुठे द्यायचं, दंड), आले का, बरोबर आले का, एवढंच. सहावा गुण 'नको ते गाळलं का' याला. निवृत्त सर, ३० पैकी ६ गुण मराठीचे, बाकी २४ इंग्रजीतच आहेत. एवढी सूट द्या.

निवृत्त पेपरतपासनीस

पाच ठरलेले मुद्दे असतील तर हरकत मागे घेतो. अर्धी.

वऱ्हाडी ठेचा

उरलेली अर्धी कायले ठेवली बाप्पा, व्याज येते का तिच्यावर?

टेस्टट्यूब

विषय बदलतो. अंतर्गत २० मधल्या होम असाइनमेंटचं काय करणार? आमच्याकडची जर्नलं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची उतरवलेली असतात, पण निदान हाताने. आता इंग्रजीची असाइनमेंट चॅटजीपीटी लिहितं. एका सहकाऱ्याने दाखवली, साठ मुलांचे साठ निबंध, सगळे स्वच्छ, सगळ्यांत तोच गोड सूर.

निळी शाई

होम असाइनमेंट बंदच करतेय. मशीनने लिहिलेलं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. बिचारं परक्या भाषेत साधं, सरळ लिहिणारं मूलच त्यात अडकतं. त्यापेक्षा सत्रात तीन वेळा वर्गातच २५ मिनिटं लिहायचं, फोन दप्तरात. त्यातले चांगले दोन धरायचे. पहिला मसुदा, माझ्या खुणा, दुसरा मसुदा, दोन्ही एकत्र टाचून. दुसऱ्या मसुद्यात काय सुधारलं याला गुण.

आणि खुणा सगळ्या चुकांना नाही. १२० वह्यांवर लाल शाई ओतायला वेळ नाही आणि मुलंही ती वाचत नाहीत. त्या आठवड्याची एकच गोष्ट. एकदा 'अ, ॲन, द', कारण मराठीत हे नाहीतच आणि मुलं ते मिरपुडीसारखे भुरभुरवतात. पुढच्या वेळी प्रश्नार्थक वाक्य वाक्याच्या पोटात आलं की होणारा घोळ, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' वगैरे.

थंडीतला मराठी

सॉफ्टवेअरबद्दल सहमत. मात्र मुलांना चॅटजीपीटी वापरायला शिकवाही, घरी. 'माझ्या या परिच्छेदातल्या फक्त क्रियापदाच्या काळाच्या चुका दाखव, दुरुस्त करू नकोस', असं सांगता आलं तर १२०च्या वर्गात जो शिक्षक वाट्याला येत नाही तो थोडा तरी मिळतो. गुण मात्र वर्गात लिहिलेल्याला.

गोदाकाठ

आणि ऐकण्याची परीक्षा? १२० मुलांच्या हॉलमध्ये एक ब्लूटूथ स्पीकर, वर पंखा, बाहेर ट्रॅक्टर.

मांडवीपार

परीक्षा घेण्याआधी ऐकायला शिकवण्याचा एक प्रकार सांगते, मोठ्या वर्गात छान चालतो. पाच-सहा वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा हाताला लागतील ते शब्द टिपायचे. मग चौघाचौघांनी मिळून तो मजकूर परत उभा करायचा. शब्दन्‌शब्द तोच नको, अर्थ आणि व्याकरण बरोबर हवं. शब्द एकाकडे, काळ दुसऱ्याकडे, 'नॉट' होतं की नव्हतं यावर तिसऱ्याची भांडणं. ऐकणं, लिहिणं, व्याकरण एका तासात, आणि यंत्र लागत नाही. फक्त त्यांच्या भांडणाची भाषा कुठली यावर अडून बसू नका.

परीक्षेसाठी: वर्गात ४० जण बसतील अशा तीन खोल्या, प्रत्येकीत स्पीकर, रेकॉर्डिंग दोनदा. स्पीकर बंद पडलाच तर पर्यवेक्षकाने वाचायचा छापील मजकूर सीलबंद पाकिटात.

स्पर्शलिपी

अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक आणि लेखनिक म्हणून काम करते, त्यामुळे एक आठवण. तुमच्या ओरलमध्ये वेळापत्रकाची कार्डं आहेत. अंध विद्यार्थ्याचं कार्ड आधी ब्रेलमध्ये किंवा फोनवर ऐकता येईल असं द्या, आयत्या वेळी 'त्याला वेगळा प्रश्न विचारू' नको. वेगळा प्रश्न म्हणजे नेहमी 'तुझ्याबद्दल सांग' असतो. लेखीला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ हा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांचा हक्क आहे. ऐकण्याच्या प्रश्नात तो जादा वेळ कुठे धरणार, हे आधी ठरवा: दोन ऐकवण्यांच्या मध्ये थांबा वाढवला तर उपयोग, शेवटी २० मिनिटं दिली तर काही नाही. डिस्लेक्सियाच्या मुलांनाही हेच लागू.

सरासरी

आणि ओरलचं रेकॉर्डिंग, परवानगी घेऊन, ठेवा. १६० गटांपैकी कुठलेही १६ निवडून दुसऱ्या शिक्षकाने नव्याने गुण द्यायचे. वीसपैकी अठराची महामारी तिथेच आटोक्यात येईल.

निळी शाई

सगळ्यांना धन्यवाद. बैठकीला हे घेऊन जातेय:

अंतर्गत २०: तिघांच्या गटाचं ओरल १०, वर्गातलं लेखन १०. लेखी ३०: ऐकणं ६, अनसीन वाचन १०, पत्र समजावून सांगणं ६, सारांश ८. ओरल वेळापत्रकात. सुरुवातीला सी-टेस्ट, तिला गुण नाहीत. वर्गात सहा गोष्टी-लेख वाचायचे, पेपरात त्यातलं काही नाही. नापासांची भीती असेलच, म्हणून वाचनातले १० पैकी ४ गुण ए२ पातळीच्या सूचना, पाट्या, तक्ते यांवर.

व्याकरणाला वेगळा प्रश्न ठेवलेला नाही. त्यावरून बैठकीत रामायण होणार.

निवृत्त पेपरतपासनीस

होऊ द्या. 'सारांशाच्या ८ पैकी ३ गुण व्याकरणाचे' असं कंसात छापा. मंडळाला कंस आवडतात.

निळी शाई

छापते. एक मदत हवी आहे. ऐकण्याच्या प्रश्नासाठी मीच वाचलं तर मुलं माझा आवाज ओळखून अर्धं समजतात. वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या भागांतले आवाज हवेत: रेल्वेची घोषणा, फोनवरचा निरोप, दुकानदाराशी बोलणं. मजकूर मी लिहून पाठवेन, दीड मिनिटाच्या आत. ज्यांना जमेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

थंडीतला मराठी

मी आहे. इथल्या दोन सहकाऱ्यांनाही विचारतो, एक केनियाची, एक स्कॉटिश. स्कॉटिशवाल्याचं आधी तुम्हीच ऐकून बघा मात्र.

वऱ्हाडी ठेचा

चेन्नईवाल्याचा फोन पाहिजे असंन तर आमच्या ऑफिसात रोज येते. त्याले विचारून रेकॉर्ड करून देतो. हळू बोल म्हणून सांगणार नाही पण.